कित्ता

सन २०२२ च्या जुलै महिन्यात अतिवृष्टी होऊन जलेश्वर नदीचे पाणी कुरुंदा गावात शिरले, घराघरांतील धान्य, अंथरुणे आणि भांडीकुंडी चिखलाखाली गेली, हे वृत्त मी नांदेडला मुलाच्या घरी बसून वर्तमानपत्रात वाचले, तेव्हा ज्या गावाचे आपण तीन वर्षे अन्न खाल्ले त्याच्याविषयी वाटावी तेवढी हळहळ मला वाटली; आणि वृद्धपणाच्या सगळ्याच हळहळी अल्पायुषी असतात त्याप्रमाणे ती दोन दिवसांत विरूनही गेली. पुढे श्रावणातल्या एका दुपारी साठीच्या घरातला एक गृहस्थ पायरीशी येऊन थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, वळखलं का?" मी ओळखले नाही. ओळखण्यासारखे काही नव्हतेच. कारण मी त्याला शेवटचे पाहिले तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि आईच्या लुगड्याला धरून उभा होता. मग त्याने आपल्या थोरल्या भावाचे नाव घेतले. मी त्याला आत घेतले, पाणी दिले, आणि त्याने पिशवीतून जुन्या उपरण्यात गुंडाळलेली एक वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. पुराच्या पाण्यात बुडालेली आणि नंतर उन्हात वाळवलेली ती वही पापडासारखी वाकडी झाली होती.

त्या थोरल्या भावाचे नाव मी येथे लिहीत नाही. ते त्याच्या घरचे आहे, आणि मला जे सांगावयाचे आहे त्यात त्याच्यापेक्षा माझाच भाग अधिक आहे.

जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या आणि त्यानंतरच्या वर्षी, १९६३ च्या जूनमध्ये, परभणी जिल्हा परिषदेचा नेमणुकीचा हुकूम खिशात घालून मी कुरुंद्याच्या एका प्राथमिक शाळेत रुजू झालो. वय तेवीस. हिंगोली जिल्हा तेव्हा व्हावयाचा होता. तो १९९९ साली झाला. कुरुंदा वसमत तालुक्यात आणि वसमत परभणी जिल्ह्यात, अशी तेव्हाची व्यवस्था होती. निजामाची राजवट जाऊन पंधरा वर्षे लोटली होती, आम्ही मुंबई राज्यातून महाराष्ट्रात आलो होतो, तरी कचेरीच्या दप्तरातले शब्द मात्र कुठेही गेले नव्हते: रुजू, मंजूर, दाखल, खारीज, मयत. माझे वडील अशाच एका दप्तरात कारकुनी करीत, आणि त्यांच्याकडून वारशाने मला एकच गोष्ट मिळाली होती, ती म्हणजे वळणदार अक्षर. त्या अक्षराचा मला गर्व होता, आणि तरुण शिक्षकाच्या ठिकाणी एखाद्या गोष्टीचा गर्व असला की तो वर्गातील चाळीस मुलांना पुरून उरतो. कित्त्याच्या वहीत प्रत्येक पानाची वरची ओळ मी स्वतः घालून देत असे आणि खालच्या ओळी मुलांनी तशाच्या तशा काढाव्यात असा माझा आग्रह असे. टाक, दौत, पुडीची निळी शाई, टिपकागद, या सरंजामाची मी रोज सकाळी एखाद्या जमादाराप्रमाणे पाहणी करीत असे.

येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अकाली गेलेला विद्यार्थी स्मरणलेखांतून नेहमी कुशाग्र बुद्धीचा असतो. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या तेव्हा वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती, आणि त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेतली होती. त्यांची रक्षा त्यांच्या अमेरिकन स्नेह्यांनी तेथील पोकीप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. अशा व्यक्तींचे स्मरण करण्यास कारण लागत नाही. कुरुंद्याच्या लोकांनाही तेजस्वी बुद्धीचे अप्रूप होते, आणि ते अवाजवी नव्हते. १५ जुलै १९३२ रोजी जन्मलेले नरहर कुरुंदकर मूळ याच गावचे, गावचे नावच त्यांच्या आडनावाने महाराष्ट्रभर गेले, आणि मी तेथे होतो त्या वर्षांत ते नांदेडात अध्यापन करीत होते. पुढे १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेस व्यासपीठावरच त्यांचे हृदय बंद पडले, पन्नाशीही गाठली नव्हती. मी सांगतो तो मुलगा मात्र यांतला नव्हता. तो मध्यम होता. पाढे त्याला पंधरापर्यंत येत, सोळाला तो अडखळे. भूगोलात परभणी जिल्ह्याच्या नद्या विचारल्या तर पूर्णा आणि गोदावरी सांगून तो आपल्या गावची जलेश्वर पुढे करी, आणि मी ती चूक धरीत असे. जगता तर तो शेती करता, हळद पिकवता, आणि मला त्याची आठवण राहण्याचे काही प्रयोजन नव्हते.

१९६४ च्या भाद्रपदात त्याचा घसा आला. हे मला नंतर कळले. तेव्हा कळले असते तरी मी त्यात लक्ष घालण्याजोगे काय मानले असते? पावसाळ्यात कोणाचा घसा येत नाही? दोनतीन आठवडे गेल्यावर त्याला ताप भरला आणि उजवा गुडघा सुजला. दोन दिवसांनी गुडघा बरा होऊन घोटा धरला, मग घोटा सोडून मनगट. घरच्यांनी निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला. दसऱ्यापर्यंत सर्व सांधे मोकळे झाले आणि मुलगा शाळेत येऊ लागला. हजेरीपटावर त्या दिवसांत मी त्याच्या नावापुढे ओळीने 'गै' लिहिले आहे. आजारीपणाचा अर्ज आला नव्हता, आणि अर्जावाचून गैरहजेरी ती गैरहजेरीच.

दिवाळीनंतर त्याचे अक्षर बिघडले. बिघडले म्हणजे ढिले झाले असे नव्हे. 'क' चा काना आडवा जाऊन शेजारच्या ओळीत घुसे, टाक मध्येच उसळे, कागदावर शाईचे थेंब पडत आणि ते पुसायला गेला की बाही निळी होई. एकदा दौतच त्याच्या हातून उलटली. बाकावर तो स्वस्थ बसेना. खांदा उडवी, बोटे फिरवी, आणि मी फळ्याकडून वळून पाहिले की माझ्याकडे पाहून तोंड वेडेवाकडे करी. वर्ग हसे. मला वाटले, हा मला वेडावतो आहे. मी त्याच्या वहीत तांबड्या शाईने शेरे लिहू लागलो, आणि शेऱ्यांनी भागेना तेव्हा मार्गशीर्षात एके दिवशी त्याला पुढे बोलावून, हात पुढे करावयास लावून, छडी दिली. त्याला हात पुढे धरून ठेवता येईना. तो सारखा खाली-वर होई, आणि ते मी चुकवाचुकवी समजून दोन छड्या अधिक दिल्या. त्यानंतर अठ्ठावन्न वर्षे लोटली आहेत. मी त्या काळाच्या रीतीप्रमाणे वागलो असे म्हणणारे स्नेही मला भेटले आहेत, आणि त्यांच्या स्नेहाबद्दल मी ऋणी आहे. पण रीत होती हे खरे असले तरी तो हात माझ्या डोळ्यांसमोर होता आणि तो पाहण्यासाठी मला कोणत्याही काळाच्या परवान्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. दाराच्या आत ती आली नाही. चौकटीला धरून, पदर पुढे ओढून उभी राहिली. तक्रार करावयास आली असेल असे समजून मी उत्तर तयार ठेवले होते. ती म्हणाली, "गुर्जी, लेकरू मुद्दाम न्हाई करीत. निजलं की हात गप ऱ्हातो. जागं झालं की पुन्हा सुरू. तुम्ही येऊन बघा एकदा." एवढे बोलून ती गेली. तिने छडीचा उल्लेखही केला नाही.

मी गेलो, पण विश्वास ठेवून नव्हे. खोटे पकडावे या हेतूने गेलो. रात्रीची जेवणे आटोपली होती. ओसरीवर बाप तंबाखू मळीत बसला होता. त्याने काही न बोलता घोंगडी पसरून दिली. आत मुलगा एका गोधडीवर निजला होता आणि त्याची आई कंदील हाती धरून मला बोलवीत होती. वर्गात क्षणभर ज्याला उसंत नव्हती तो उजवा हात छातीवर असा पडला होता की जणू कोणी तो तेथे ठेवून विसरून गेले होते. चेहराही निवांत होता. आम्ही बराच वेळ पाहत राहिलो; मग तिने त्याच्या कपाळावर हात ठेवून त्याला हाक मारली, त्याने डोळे उघडले, मला ओळखले, आणि तत्क्षणी, भीतीने म्हणा वा जागृतीने, त्याचा खांदा उसळला, बोटे नाचू लागली आणि ओठ एका बाजूस ओढले गेले. तेच ते तोंड, जे वर्गात मला वेडावीत असे. आई माझ्याकडे पाहत नव्हती, कंदिलाची वात पाहत होती. गावात काहींनी बाहेरचे म्हणून सांगितले होते, टोकाईच्या गडावर नेऊन आणा असेही सांगितले होते, आणि ती नेऊनही आली होती. परंतु झोपेत थांबणारी ही गोष्ट देवाची नसून शरीराची आहे हे त्या निरक्षर बाईने कोणीही न सांगता ताडले होते.

आम्ही बैलगाडीने वसमतला आणि तेथून मोटारीने नांदेडास गेलो. तेथील डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी मुलाला आपली दोन बोटे धरून घट्ट आवळावयास सांगितले आणि हसून बापाला विचारले, "घरी म्हैस आहे का? हा पाहा, धार काढतो आहे." खरोखरच मुलाची मूठ आवळली जाई, सुटे, पुन्हा आवळली जाई. जीभ बाहेर काढून ठेव म्हटले तर ती बेडकासारखी आत उडी घेई. आईने झोपेची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसायचे थांबले आणि म्हणाले की अर्धे निदान तुम्हीच घरी करून आणले आहे. मग त्यांनी नळी छातीला लावली आणि फार वेळ ऐकत राहिले.

या व्याधीला कोरिया म्हणतात; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नृत्य. टॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने १६८६ साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव आहे. घशात एका विशिष्ट जातीचे जंतू शिरतात, शरीर त्यांच्याशी झुंजते, आणि झुंजीच्या भरात आपपर न ओळखता स्वतःच्याच सांध्यांवर, हृदयावर आणि कधी मेंदूच्या एका भागावर हत्यार धरते. पाच ते पंधरा या वयातील मुलांना हा संधिवाताचा ज्वर बहुधा होतो. जेथे घरे लहान आणि माणसे पुष्कळ तेथे अधिक होतो. घसा आल्यापासून कित्येक महिन्यांनी हातांची ही चळवळ सुरू होऊ शकते, त्यामुळे दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानी येत नाही, आणि मुलगा खोडकर झाला, अक्षर बिघडले, एवढेच लोकांस दिसते. डॉक्टर मला म्हणाले, "मास्तर, हात बरा होईल. त्याची काळजी नाही. हा ज्वर सांध्यांत पाहुण्यासारखा उतरतो, पण हृदयात बिऱ्हाड करतो." झडपांवर सूज आली होती. पूर्ण विश्रांती, आणि घसा पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन, पुष्कळ वर्षे, बिनचूक, असा त्यांचा हुकूम होता. इंजेक्शनच्या तारखा त्यांनी मलाच लिहून दिल्या. मी शिकलेला होतो ना.

त्यानंतरचे चार महिने मी रोज संध्याकाळी त्याच्या घरी जात असे. पश्चात्तापाने जात होतो असे मी त्या वेळी मानले नसते. बुडालेला अभ्यास भरून काढतो असे म्हणत असे. शाई बंद केली. पेन्सिल दिली, कारण पेन्सिल उसळली तरी डाग पडत नाही. मी वरची ओळ घालून द्यावी आणि त्याने, बसता येईल तेवढे बसून, खाली एकच ओळ काढावी. आरंभी ती ओळ पावसात सापडलेल्या मुंगीच्या वाटेसारखी जाई. आवारात हळद शिजवण्याचे दिवस आले, कढईखालचा धूर आणि तो कडवट गोड वास ओसरीभर पसरे, आणि त्या वासात पान उलटावे तसतशी ओळ सरळ होत गेली. चैत्रापर्यंत हात स्थिर झाला. तो इतका स्थिर झाला की त्याने मुद्दाम एकदा पूर्वीसारखे तोंड वेडेवाकडे करून दाखविले आणि आम्ही दोघेही हसलो. जून १९६५ मध्ये तो पाचवीत येऊन बसला, त्याचे अक्षर वर्गात उजवे ठरू लागले, आणि मी ते इतर मुलांना दाखवू लागलो.

बरा झालेल्या मुलाला सुई टोचण्यासाठी, पेरणीच्या हंगामात बैल सोडून, चिखलातून वसमतला न्यावयाचे, हे बापाला पटवून देण्याचे काम माझ्याकडे होते. जुलैपर्यंत मी ते केले. ऑगस्टात सरहद्दीवर युद्धाची चिन्हे दिसू लागली, सप्टेंबरात युद्ध झाले, आणि आम्हा शिक्षकांवर संरक्षण निधी गोळा करण्याचे काम आले. आजूबाजूच्या गावांतून पावतीपुस्तके घेऊन हिंडताना मला आपण राष्ट्राच्या उपयोगी पडत आहोत असे वाटे. तारखांचा तो कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. दोन तारखा टळल्या. तिसरी येण्याआधी त्याचा घसा आला.

पुढचे मी लांबवीत नाही. दिवाळीपर्यंत त्याला ओसरीवरून अंगणात जाताना दम लागू लागला, पायांवर सूज आली, आणि रात्री आडवे होताच जीव घाबरा होई म्हणून आईने त्याच्या पाठीशी गोधड्यांची चळत रचली. तो बसून झोपे. डॉक्टरांनी डिजिटॅलिसच्या गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन झडप नीट मिटत नसल्याचे सांगितले. अशा हृदयावर शस्त्रक्रिया करणारे तेव्हा मुंबई-वेलोरसारख्या मोजक्या ठिकाणी होते, आणि कुरुंद्याहून ती ठिकाणे विलायतेइतकीच दूर होती. त्याने या दिवसांत मला एकदाच विचारले, हजेरीपटावर माझे काय लिहिता? मी म्हणालो, रजा. ते खरे होते. या खेपेस अर्ज मीच लिहून, बापाचा अंगठा घेऊन, दाखल केला होता.

११ जानेवारी १९६६ रोजी लालबहादूर शास्त्री ताश्कंदला निधन पावले, शाळा दुखवट्यासाठी बंद झाली, आणि त्या बंद शाळेच्या दिवसांतच एका पहाटे तो गेला. शाळा उघडली तेव्हा आम्ही शास्त्रीजींसाठी दोन मिनिटे उभे राहिलो. त्याच्यासाठी वेगळे उभे राहण्याचे कोणाला सुचले नाही, मलाही नाही. मुले मात्र त्या दोन मिनिटांत त्याच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती, आणि पंतप्रधानांसाठी रडण्याचे वय नसताना त्यांतली दोघे-तिघे रडत होती.

दाखल-खारीजच्या नोंदवहीत त्याचे नाव खारीज करण्याचे काम माझ्याकडे आले. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात मी, माझ्या उत्तम अक्षरात, 'मयत' असे लिहिले. लिहून झाल्यावर जुनी पाने चाळली. 'गाव सोडले', 'गुरे राखतो', 'सतत गैरहजर', आणि मधूनमधून तोच माझा शब्द. कशाने मयत, हे लिहिण्यास रकाना नव्हता. त्या मुलांपैकी कितीजणांचे घसे आले होते, कितीजणांचे अक्षर बिघडले होते आणि कितीजणांना त्यासाठी छड्या बसल्या होत्या, हे आता कोणालाही काढता येणार नाही. पुढे २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्याचा आरंभ आपल्या पालघरहून झाला, आणि शाळाशाळांतून मुलांची तपासणी करून ज्या विकारांचा शोध घ्यावयाचा त्यांच्या यादीत या ज्वराने होणारा हृदयविकार आहे, हे वाचले तेव्हा मी सेवानिवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली होती. नातवाच्या शाळेत ते पथक आले होते, तेव्हा मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. एक तरुण डॉक्टरीण प्रत्येक मुलाच्या छातीला नळी लावत होती. एका मुलावर अर्धे मिनिट गेले असेल. तिने मला विचारले, आजोबा, आपणास काही हवे आहे का? मी नाही म्हणालो.

आणखी एक गोष्ट, जिचा संबंध असला तर आहे. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. काही वर्षांपासून माझा हात कापतो. एका वर्षी बँकेतील मुलाने माझी सही जुन्या सहीशी ताडून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि अत्यंत अदबीने सांगितले, काका, जुळत नाही, जरा सावकाश, हात स्थिर ठेवून करा. मी तीन वेळा केली. शेवटी त्याने अंगठा घेतला.

तर ती वही. मी ती उघडली. आधीची शाईची पाने पुरात धुऊन निघाली होती. निळ्या ढगांखेरीज त्यांवर काही उरले नव्हते, आणि माझे तांबड्या शाईतले शेरे ठिकठिकाणी गुलाबी डाग होऊन पसरले होते. त्यांत काय लिहिले होते ते माझ्याखेरीज आता कोणाला ठाऊक नाही. पुढची, पेन्सिलीची पाने मात्र चिखलाची किनार सोडली तर जशीच्या तशी होती. भाऊ माझ्याजवळ सरकून बसला. त्याला आपल्या भावाचा चेहरा आठवत नाही. घरी छायाचित्र नव्हते. आई सात वर्षांपूर्वी जाईपर्यंत ही वही पेटीत तळाशी होती आणि तिला वाचता येत नसल्यामुळे तिने ती कोणाला उलगडून दाखविली नव्हती.

"ह्यातलं दादाचं कोणतं, गुरुजी?"

पहिल्या पानांवर मी न पाहताच बोट ठेवले. वरची ओळ माझी, खालची त्याची. तो प्रत्येक पान उलटी आणि मी सांगत जाई. हळद शिजण्याच्या दिवसांतली पाने आली, चैत्रातली आली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर 'गावाजवळ नदी आहे' अशा दोन ओळी होत्या, आणि तेथे मी थांबलो. चष्मा पुसला, वही खिडकीशी नेली, 'द' ची शेपटी पाहिली, 'ह' चे पोट पाहिले.

"खालचं," मी म्हणालो. "कित्त्यात वरची ओळ मास्तरची असते."

त्याने मान हलविली, आणि वही परत घेऊन कितीतरी वेळ दोन्ही ओळींवरून बोट फिरवीत राहिला.